लोहाराची लेव्हल

७ जुलै २०१९, रविवार

करीम येणार! पुढच्या रविवारी. त्याच्या बहिणीचा, कमरजहांचा फोन होता. "डॉक्टरांनी आता सगळे उपचार थांबवलेत. तुमच्या त्या खेळाचंच नाव घेतोय." मी म्हणाले, "वा, छान." वा, छान! काय अक्कल!

आता प्रश्न लेव्हलचा. आमचा टेबलावरचा खेळ म्हणजे एक गोष्टच — प्रत्येकाचं एक पात्र, पराक्रम केला की त्याची लेव्हल वाढते, आणि वीस बाजूंचा डाइस पडेल तसं नशीब. राक्षस-बिक्षस मी चालवते. नियमही माझाच: गैरहजर राहील त्याची लेव्हल वाढणार नाही. करीमचा लोहार आजारपणात पाचवर राहिला, बाकीचे नऊवर गेले. माझा राक्षस त्याला एका फटक्यात संपवेल.

८ जुलै

हिंदुरावला विचारलं. (वारज्याचा. वडिलांनी शेत बिल्डरला दिलं, हा आमच्यात बसून राक्षस मारतो.) म्हणाला, "दे की नऊ करून. कोण भांडणार हाय?"

केले नऊ.

१४ जुलै, रविवार

रडूही येतंय आणि रागही. करीम खडकीहून रिक्षाने आला, जिन्यात बसत बसत वर चढला. केवढासा झालाय! कागदावरची लेव्हल बघितली आणि त्याचा चेहराच उतरला. "नऊ? कशाबद्दल? आजारी पडल्याबद्दल?"

मी चहाचं विचारलं.

"श्यामला, घरी सगळे गोड बोलतात. अम्मी तर ओरडायचीही थांबलीय. तू तरी नीट खेळ. पाच म्हणजे पाच. मरायचा असेल तर मरेल लोहार."

खोडून पाच केले. मग खेळ झालाच नाही. तो दमला होता, चहा घेऊन गेला.

१७ जुलै

राक्षस जरा हलका करू का? मी पुठ्ठ्याच्या पडद्याआड बसते, कोणाला कळणार? — नाही. शब्द दिलाय.

२१ जुलै, रविवार

राक्षस पुलावर आला. सगळ्यांनी पळायचं ठरवलं. करीम म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, लोहार थांबतो." वाचायला वीसच पडायला हवे होते. मी जराही सूट दिली नाही.

करीमने डाइस टाकला, तो घरंगळत हिंदुरावपाशी गेला. आमच्यात आकडा शेजाऱ्याने वाचायचा असतो. "वीस!" केवढ्याने ओरडला तो! खालच्या काकूंनी छताला काठी ठोकली. ठोका म्हणावं! आम्ही नाचत होतो. लोहार वाचला, सहावर गेला! करीम पूर्वीसारखा खदखदून हसला. डाइस उचलून मुठीत धरला, तो रिक्षात बसेपर्यंत सोडला नाही.

२३ ऑगस्ट

करीम पहाटे गेला.

२५ ऑगस्ट, रविवार

खडकीला जाऊन आलो. कमरजहां म्हणाली, "येईल त्याला सांगायचा — श्यामलानं सूट दिली नाही, तरी जिंकलो."

परतताना मी हिंदुरावला म्हटलं, बरं झालं, खरं खेळलो. त्याने गाडी बाजूला घेतली.

"तीन पडले होते, श्यामला."

आणि करीम?

"त्यानं बी बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. अन् डाइस मुठीत घेतला."