शनवार तेल्यांची विहीर

शिळफाटा, खोपोली
१२ जानेवारी २०२५

चि. रेऊबेन यास मोझेल आत्याचे शालोम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुझं निम्मं बोलणं माझ्या कानाबाहेरच राहतं, म्हणून पत्रच बरं. मी ठीक आहे. शुक्रवारी दिवा लावते, किद्दूशची प्रार्थना म्हणते आणि आमेनही मीच म्हणते. दुसरं आहे कोण?

काल पोशीरहून ठकूबाई आली, आपल्या शेजारच्या दामूची बायको. चहाही घेतला नाही. सांगत होती की तुझ्या जमिनीवर जेसीबी लावून तारेचं कुंपण घालताहेत आणि माझ्या आजोबांची विहीर आत गेली. तेही शनिवारी! गाव आपल्याला शनवार तेली म्हणायचं. घाण्याचा बैलसुद्धा शनिवारी बसून असायचा. ठकूबाईनं विचारलं की बाई, तुमी तर जित्या हाव, मग तुमचा देव कुठं गेला?

हे तू करायला सांगितलंस का, तेवढं कळव.

तुझी,
मोझेल आत्या


लोद, इस्राएल
२ फेब्रुवारी

ती. मोझेल आत्यास रेऊबेनचा सप्रेम शालोम.

तुझं पत्र म्हणजे समन्सच! कुंपण मीच घालायला सांगितलं. जमीन घेणाऱ्याला फार्महाऊस बांधायचंय, त्याला विहिरीवर लोकांची ये-जा नको. वार काही मी ठरवला नाही, आणि ते मजूर ज्यू थोडेच आहेत? दामूकाकांकडे आता नळ आहे. विहिरीवर कागदोपत्री कुणाचा हक्कही नाही. मग माझं चुकलं कुठे?

किती वर्षं सांगतोय, इकडे ये. तिथे एकटी कुणासाठी राहतेस?

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
रेऊबेन


शिळफाटा
२० फेब्रुवारी

चि. रेऊबेनास शालोम, अ. आ.

नळ मलाही दिसतो. माझे कान गेलेत, डोळे नाहीत.

दामूच्या आज्याला गावातल्या एकाही विहिरीवर चढू देत नव्हते, तेव्हा माझ्या आजोबांनी त्याला बोलावलं आणि सांगितलं की घागर तूच बुडव, विहीर देवाची आहे. गावानं वर्षभर आपलं तेल घेतलं नाही. आजोबा बधले नाहीत. दामूच्या लोकांनी आपली तोरा कधी वाचली नाही. आपला देव त्यांना ठाऊक आहे तो या विहिरीमुळे. तिला तू तार लावलीस! बाबा ज्याला खिल्लुल हाशेम म्हणायचे, देवाच्या नावाला बट्टा, तो हाच.

कुणासाठी राहतेस विचारतोस. तिकडे तू चुकलास तर रेऊबेन चुकला. इकडे मी चुकले तर सगळे ज्यू चुकले. एकटीला हे ओझं फार होतं रे.

आशीर्वाद आहेच, आज जरा घुश्शातला.

मोझेल आत्या


लोद
१२ मार्च

ती. आत्यास शालोम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. इथे शनिवारी आमची सगळी गल्ली आपोआप बंद होते, मला वेगळं काही पाळावंच लागत नाही. मी कोण, माझा देव कोण, हे इथे मला कुणी विचारत नाही. विसरलोच होतो.

घेणाऱ्याला कळवलंय की विहीर आणि तिची वाट सोडून जमीन घ्यायची तर घ्या. तो बहुतेक नाही म्हणेल. म्हणू दे. कुंपण काढायला माणसं पाठवतोय.

कान धर, पण नंतर सोड.

रेऊबेन


शिळफाटा
६ एप्रिल

चि. रेऊबेनास पोटभर आशीर्वाद.

तार निघाली. पण शहाण्या, तुझी माणसं आली तीही शनिवारीच!

दामू आडवा उभा राहिला. म्हणाला की आज शनवार हाय, हितं आज काम नाय, उद्या या. ते म्हणाले की मालकानंच धाडलंय. त्यावर दामू म्हणाला की मालकाला ठावं नसंल, आमाला ठावं हाय. मुकाट परत गेले आणि रविवारी येऊन कुंपण काढलं. हे सांगायला ठकूबाई मुद्दाम आली. या वेळी दोन कप चहा प्यायली आणि विहिरीचं पाणी बाटलीतून घेऊन आली.

परवा ते पाणी शेजारी ठेवून दिवा लावला. आमेन नेहमीप्रमाणे मीच म्हटलं. माझ्यामागे पोशीरात शनिवार कोण पाळेल, या विचारानं झोप लागायची नाही. आता लागते.

मुलांना पापे. या म्हातारीवरच्या मायेला मात्र शनिवारीसुद्धा सुट्टी नको.

तुझी,
मोझेल आत्या