आवाज थांबला तर

लिंडेनबाख, ३ मे १९९४

ति. इर्मगार्डताईस,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा सुधारतोय हे वाचून बरं वाटलं. इकडे तुझी भावजय हेड्डा माझ्यावर चिडली आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्या रेडिओवर उडणाऱ्या छंदातल्या विमानाचे पंख पसरलेत, म्हणून आम्ही ताटल्या मांडीवर घेऊन जेवतो. जमिनीवरून त्याला हुकूम द्यायचा नवा ट्रान्समीटर घेतलाय. कुठली काठी काय हलवते, ते एकेक करून बसवतोय. काल उजवीकडे वळ म्हटलं तर गडी डावीकडे निघाला! जमिनीवर होता म्हणून हसलो.

जूनच्या मेळ्यात हे मोठं विमान गावासमोर उडवायचंय. आमच्या क्लबचा अध्यक्ष वेंडेलिन म्हणतो, लोकांच्या डोक्यावरून एक फेरी हवीच, नाहीतर टाळ्या कोण वाजवणार?

माया आहेच, ती अशीच असू दे.
तुझा लोरेन्झ


ब्रेमरहाफेन, ८ मे

चि. लोरेन्झ यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून झोप उडाली. हसू नकोस. बंदराच्या रेडिओ खोलीत माझा जन्म गेला. बोलता बोलता समोरचा आवाज तुटतो आणि मग आपण नुसते कान लावून बसतो, ते मला ठाऊक आहे. मला एवढंच सांग, तुझं म्हणणं पोचेनासं झालं तर त्या विमानाने काय करायचं, हे तू त्याला सांगून ठेवलंयस का? आणि डोक्यावरून फेरी कसली? वेंडेलिनला म्हणावं, आधी स्वतःची बायको तिथे उभी कर.

हेड्डाला जप. उत्तर लगेच टाक, वेड्या.
तुझी ताई


लिंडेनबाख, १३ मे

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला घाबरट म्हणणार होतो. मग तुझ्या समाधानासाठी करून पाहिलं. इंजिन बंद ठेवलं, वेगाची काठी पुढे ढकलली आणि ट्रान्समीटर बंद केला. इंजिनाची झडप मिटली नाही. सताड उघडीच! म्हणजे माझा आवाज थांबला असता तरी ते शेवटचा हुकूम पाळत पूर्ण वेगाने जात राहिलं असतं. 

आता बदललंय. आवाज तुटला की इंजिन मंद, आणि डावीकडे हलकं वळण. डावीकडे बार्लीचं शेत आहे. डोक्यावरच्या फेरीला नाही म्हटलं, तेव्हा वेंडेलिन सगळ्यांसमोर म्हणाला, लोरेन्झ म्हातारा झाला.

तुझा रागही हवाच आहे.
लोरेन्झ


लिंडेनबाख, २१ जून

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी हे वाच: कुणाला काही झालं नाही.

मेळ्यात तिसऱ्या वळणावर इंजिनाचा आवाज एकदम उतरला. काठी मी हलवली नव्हती. ट्रान्समीटरचा पडदा काळा पडला होता. बॅटरीची तार सुटली होती, ते नंतर कळलं. ताई, हातात ते खोकं आणि करण्यासारखं काही नाही. विमान डावीकडे वळलं खरं, पण वारा त्याला प्रेक्षकांच्या बाकांकडे ढकलत होता. मी ओरडलो, लोकांना वाटलं, गंमत चाललीय, त्यांनी हात हलवले. केक विकणाऱ्या बायकांच्या छताला पंख घासला, आणि ते पलीकडे बार्लीत जाऊन पडलं. वेंडेलिन मटकन गवतावर बसला. त्याची नात त्या छताखाली होती.

त्यानंतर दोन रविवार मी मैदानावर गेलोच नाही. काल हेड्डाने जुनं छोटं विमान स्वतः गाडीत ठेवलं. इतक्या वर्षांत ती कधी तिकडे फिरकली नव्हती. माझं कोपर धरून उभी राहिली. मी एकच फेरी मारली आणि उतरवलं. झालं का, तिने विचारलं. झालं म्हटलं. तरी गाडीपर्यंत तिने कोपर सोडलं नाही.

ये एकदा. टेबल आता रिकामं आहे.
तुझा लोरेन्झ