कथलाचं बकल आणि विटोल्डचा टाका

मी, बोगना शेलीगा, वय वर्षे अडुसष्ट, राहणार तोरुन, व्यवसाय धातूचे ओतकाम, हे सर्व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे, फुप्फुसे नाहीत. कोणी दडपण आणलेले नाही. आणले असते, तर हे सतरा वर्षांपूर्वीच लिहून झाले असते.

१. नदीकाठचे राहते घर व बँकेतील शिल्लक माझी मुलगी कालिना हिला. कालिना, स्वयंपाकघराची खिडकी हिवाळ्यात फुगते, तिच्याशी झटापट करू नकोस. आणि कलम तीन बसून वाच.

२. कारखान्याची जागा, भट्टी, हत्यारे व साचे लुत्स्यान कोच्वारा यांना. ते पूर्वी चर्चच्या मनोऱ्यांची छपरे दुरुस्त करीत. ते हे घेणार नाही म्हणतात. तरी मी लिहिते. हवे तर विकावे.

३. माझे पती विटोल्ड चामड्याचे काम करीत, मी धातूचे. जुलैत शूरवीरांच्या वेशात जुनी लढाई खेळणाऱ्या मंडळासाठी आम्ही पट्टे बनवीत असू. २००२ साली लुत्स्यानला एका खेड्यातल्या चर्चमधल्या कबरीवर कोरलेल्या सरदाराचा तलवारपट्टा हवा होता, हुबेहूब. पट्टाभर लहान फुले, टोकाला पट्टी, आणि बकलावर समोरासमोर दोन सिंह. धातू कोणता, हे दगड सांगत नाही. फुले कथलाची करायची यावर आमचे एकमत झाले. बकलावरून वाजले.

विटोल्ड म्हणाला, "फुलं शोभेची आहेत. तलवारीचं सगळं ओझं बकलावर येतं, कथील मोडेल. ते पितळेचंच कर."

मी पितळेत तीनदा ओतले. तिन्ही वेळा सिंहांची तोंडे बसली. कथलात पहिल्याच खेपेला मिशांसकट उठली. मी त्यावर सोन्याचा मुलामा चढवला आणि पितळेचे म्हणून विटोल्डच्या हातात ठेवले. त्याने ते हातावर तोलले, माझ्याकडे पाहिले आणि शिवायला बसला. इतकी वर्षे मी त्याच्याशी खोटे बोलले नव्हते, म्हणून त्याने विचारले नाही.

लढाईत धावताना बकल मोडले. तलवार म्यानासकट लुत्स्यानच्या पायांत आली, तो पडला, आणि मागची चिलखतातली रांग त्याच्या गुडघ्यावरून गेली. त्यानंतर तो शिडी चढू शकला नाही. तेव्हा त्याचे वय एकतीस होते.

गर्दीत मी पहिली पोहोचले. बकलाचे तुकडे खिशात घातले आणि पट्ट्याचे टाके सुरीने कापले. मंडळाचे प्रमुख येताच मी म्हणाले, "शिवण उसवली."

विटोल्डने पट्टा उचलून कापलेल्या कडेवर अंगठा फिरवला. सगळ्यांसमोर म्हणाला, "हो. माझाच टाका कच्चा राहिला."

घरी आल्यावर एवढेच बोलला, "तुटलेला धागा केसाळतो, कापलेला नाही, बोगना." पुन्हा कधी विषय काढला नाही. सुईही हातात धरली नाही. नऊ वर्षांनी गेला.

४. मंडळाच्या प्रमुखांनी विटोल्डला काढून टाकले, म्हणून मी त्यांच्यावर राग धरला होता. त्यांनी माझ्याच शब्दावर विश्वास ठेवला. तो राग मागे घेते.

५. कलम तीन मंडळाच्या सभेत मोठ्याने वाचावे. गाळायचे काही नाही. बकलाचे तुकडे भट्टीच्या वरच्या फळीवर, मेणाच्या डब्यात आहेत. ते सर्वांना दाखवावेत.

६. मला विटोल्डशेजारी पुरावे, पण दगडावर माझे नाव त्याच्या नावाखाली, लहान अक्षरांत असावे.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्या कायद्याने साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात. म्हणून काल लुत्स्यानला बोलावले. तो काठी टेकत आला. मी सर्व वाचून दाखवले. चहा निवला.

त्याने विचारले, "विटोल्डकाकांना माहीत होतं?"

"होतं."

"मी इस्पितळातून त्यांना निरोप धाडला होता, तुझे हात झडोत म्हणून. तुम्हीच नेला होतात, काकू."

"हो."

"पोचवलात?"

"शब्दन्‌शब्द."

तो म्हणाला, "गुडघ्याचं मी बघून घेईन. तो निरोप आता कुणाकडे परत मागू?"

आज तो पुन्हा आला आहे. शेजारच्या फेलित्स्याबाईंनाही आम्ही बोलावून घेतले आहे. लुत्स्यान आधी कागद पुन्हा पूर्ण वाचणार आहे, आणि सहीपुढचा मजकूर स्वतःच्या हाताने लिहिणार आहे.

ठिकाण : तोरुन
दिनांक : ५ नोव्हेंबर २०१९

लिहून देणार : बोगना शेलीगा

साक्षीदार :
फेलित्स्या मरोझ, शेजारीण
लुत्स्यान कोच्वारा. ऐकले म्हणून सही केली. माफ केले म्हणून नाही.