समथरच्या रस्त्यावरची कोठी

कोठी, समथर रस्ता
१२ मार्च १९६४

प्रिय जानकीवन्सं यांस,

शारदेचा सप्रेम नमस्कार. चि. दिवाकर, सूनबाई आणि मुलं मजेत असतील. इकडे मी बरी आहे. थंडी संपली, हरभरा काढून झाला, आणि आता महुआची फुलं पडायला लागलीत. सकाळी गावातल्या बायका टोपल्या घेऊन वेचायला येतात आणि ‘छोटी बाईजी कब आएँगी’ म्हणून तुमची चौकशी करतात. मी नुसती मान हलवते. त्यांना वाटतं, लौकरच.

पत्राला उशीर झाला, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं. दुसऱ्या कुणाकडून कानावर येण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं. कोठी विकायला काढली होती. आता ती विकल्यातच जमा आहे. बुधवारी मोठ गावच्या तहसिलीत रजिस्ट्री.

रागावू नका. विहिरीचं पाणी खाली गेलंय आणि माझे खांदे भरून येतात. रहाटावर चार खेपा झाल्या की ओसरीवर बसूनच राहावं लागतं. मागच्या पावसात पश्चिमेच्या खोलीच्या छपराचा दगडी पाटिया पुन्हा गळला. चुना मळायला बसले आणि अर्ध्यावर उठले. तसाच वाळून गेला. वन्सं, मला स्वतःचंच नवल वाटलं. आपण भिजवलेला चुना वाया गेला असं कधी झालं नव्हतं.

आधी झाशीहून एक ठेकेदार आला. मोटारीतून उतरला तो घरात न येता भिंतीला काठीने ठोकत बाहेरूनच फिरला. पाटिये मोजले, कमानीचे दगड मोजले. त्याला शेत पाहिजे होतं आणि घराचा दगड. घर नको होतं. त्याने भाव चांगला सांगितला. मी त्याला सोमवारी या म्हटलं, तेव्हा मनात काहीच आलं नाही, इतकी मी थकले होते. रात्रीचं जेवणही केलं नाही, तशीच झोपले.

सोमवारच्या आधीच छावणीतले मेजर सक्सेना आणि त्यांच्या बाई आल्या. मेजरसाहेब नुकतेच निवृत्त झालेत, त्यांना शेती करायचीय. ते बांधावर गेले आणि बाई घरात शिरल्या. त्यांनी चपला बाहेर काढल्या, ते मला आवडलं. प्रत्येक खोलीत उभ्या राहून वर बघायच्या. माजघराच्या कमानीवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, इतकं काम कुणाकडून करवून घेतलंत?

मग मी सांगितलं. कुणा जुन्या कमाविसदाराने बांधलेली ही कोठी ह्यांनी रेल्वेची नोकरी संपल्यावर घेतली तेव्हा आत गुरं बांधत असत. छप्पर अर्धंच झालं आणि हे गेले. गवंडी पैसे घेऊन पळाला. मग नणंद आणि मी, दोघी विधवा बाया, घाणीवर उभं राहून चुना दळून घेत होतो, त्यात गूळ नि बेलाचं पाणी घालत होतो, आणि एकेक खोली राहण्याजोगी करत होतो. नणंदेचे हात चुन्याने फुटायचे, तरी गिलावा त्याच करायच्या, कारण माझा हात वाकडा फिरायचा. हे सगळं सांगताना माझं हिंदी कुठेही अडलं नाही.

बाईंनी कमानीवरचा हात काढला. मग म्हणाल्या, “फिर बेच क्यों रही हैं?”

मी म्हटलं, “पानी नीचे चला गया है.”

त्यांना ते पटलं नाही, हे दिसत होतं. पण त्या भल्या, पुढे विचारलं नाही. ठेकेदारापेक्षा ते कमी देतायत. मी त्यांनाच होकार दिला. घर राहील, त्यात माणसं राहतील.

आता जे त्यांना सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते.

संक्रांतीनंतर दिवाकर कचेरीच्या कामाने झाशीला आला होता, तसाच मोठला उतरून इकडे आला. त्याने तुम्हाला हे सांगितलं नसेल. मी त्याला पोळी वाढली. तो जेवला, हात धुतले, आणि मान खाली घालून म्हणाला, “मामी, आईला तुम्ही का पाठवून दिलंत?”

मला कळेचना. मी म्हटलं, “अरे, तूच बोलावलंस ना?”

“मी? तिचाच निरोप आला. तिकडे आता होत नाही, मी येते म्हणून. मी काय नको म्हणणार?”

वन्सं, मोठ स्टेशनावर गाडीच्या खिडकीतून तुम्ही मला म्हणालात की मुलाने बोलावल्यावर आईने जायलाच हवं. मी ते खरं मानलं. वर्षभर तुमच्यावर मनातून रुसले होते. सगळं उभं झाल्यावर मुलाची आठवण झाली, असं वाटायचं. तुमच्या पत्रांना चार ओळींत उत्तरं दिली ती त्यामुळेच.

दिवाकर वाईट मुलगा नाही. दोन खोल्यांचं रेल्वेचं क्वार्टर, चार मुलं, त्यात तो तरी काय करणार? तुमची खाट व्हरांड्यात आहे, वाऱ्याला पोतं लावलंय, आणि तुमचे गुडघे थंडीत इतके सुजले की सून शेकत बसली होती, हेही त्यानेच सांगितलं. तुम्ही लिहिता, ‘येथे सर्व उत्तम’.

तुम्ही का गेलात ते मला आता कळतंय. पाणी ओढवत नव्हतं, जिना चढवत नव्हता, आणि मी दोघींचं काम एकटी करते हे तुम्हाला बघवत नव्हतं. मला सांगितलं असतंत तर मी भांडले असते, म्हणून सांगितलं नाहीत. पण इथे परत या म्हणून लिहिण्यात अर्थ नव्हता. इथे डॉक्टर नाही, पाणी नाही, आणि तुम्ही पुन्हा कुठलातरी निरोप बनवून निघून गेला असता. म्हणून कोठी विकायला काढली. मीही दमलेय, ते खोटं नाही. पण नुसतं माझ्या दमण्याचंच असतं तर अजून दोन-चार वर्षं रेटली असती.

झाशीत मुरलीमनोहराच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या बघितल्यात. पायरी एकच आहे. नळ दारात. आजूबाजूला आपली मराठी घरं आहेत, दुपारी कुणी ना कुणी येऊन बसेल. कोठीच्या पैशातला अर्धा वाटा तुमचा, त्यावर वाद घालायचा नाही. तेव्हा कुणी कुणाकडे राहतंय असा प्रश्न येत नाही.

कोठी सोडताना वाईट वाटणार. कालपासून भांडी बांधतेय आणि मधेच उभी राहतेय. पण तुम्ही गेल्यापासून ह्या घरात मी राहत नव्हते, नुसती राखण करत होते.

झाशीचे घरमालक म्हातारे आहेत, थोडे खडूस. त्यांनी विचारलं, “रहने वाले कितने हैं?” मी “दो” म्हणाले. मला खोटं बोलायची सवय नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

तुमच्या उत्तराची नव्हे, तुमचीच वाट पाहणारी,
शारदावहिनी