मिरचीवर आळ

भिवापूर, १२ जानेवारी १९७१

ती. गोपिकाताईस,
धाकट्या रुपरावचा शि. सा. नमस्कार वि. वि.

शुक्रवारी तुळसा बाळंत झाली. मला मुलगी झाली. नाक अगदी तुझं, म्हणजे बिचारीच्या लग्नाची काळजी आतापासूनच! दोघी खुशाल आहेत. फक्त परवापासून पोरीचे डोळे सुजलेत, पिवळा पू येतो, पापण्या चिकटतात. अंगणात मिरचीचा ढीग आणि घरभर शिंका. आई म्हणते, काहून घाबरता, मिरची झोंबली, दुधाचे थेंब टाका. तुळसा शेवटच्या दिवसापर्यंत देठं खुडत होती ना. तू नर्स, तुला शिंकेतही रोग दिसतो, तरी कळवतो. बारशाला ये.

लोभ आहेच, तो वाढवत राहावा.
तुझा रुपराव

धरमपेठ, नागपूर, १५ जानेवारी

चि. रुपरावास अ. उ. आशीर्वाद.

पत्र आज मिळालं. लगेच तार केली, ती पोचली असेलच. मिरचीनं डोळे लाल होतात रे, असा पू येत नाही. हा जंतूंचा रोग आहे, चार दिवसांत डोळा खातो. पेनिसिलिननं थांबतो, पण वेळेवर दिलं तर. काजळ, दूध काही घालू नका. उकळून गार केलेल्या पाण्यानं डोळे पुसा आणि पहिल्या गाडीनं पोरीला दवाखान्यात आणा. माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुझी ताई

भिवापूर, ९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

उजवा डोळा तुझ्यामुळे वाचला. डावा पांढरा पडला तो पांढराच. आईनं अंगणातली मिरची उचलायला लावली आणि सगळ्यांपुढे तुळसाला म्हणाली, तुह्या हातानं पोरीचा डोळा गेला. तेव्हापासून तुळसा पोरीला घ्यायच्या आधी राखेनं तीन-तीनदा हात धुते, पोरगी कितीही रडत असली तरी. हातांची सालं निघालीत.

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा तू दाराशी होतीस. मागच्या साली मिरची विकायला गेलो, तिथल्या बाईकडून मी हा रोग आणला. पाच इंजेक्शनं सांगितली होती, दोन घेऊन बरं वाटलं म्हणून सोडली. माझ्याकडून तुळसाला आणि बाळंतपणात तिच्याकडून पोरीच्या डोळ्यांत. तुळसाला नागपूरला दिलेली इंजेक्शनं शक्तीची होती, असं मी तिला सांगून ठेवलंय.

लोभ कमी करू नये.
रुपराव

धरमपेठ, १२ फेब्रुवारी

रुपराव,

आशीर्वाद लिहायला आज हात वळत नाही. मी सगळं ऐकलं आणि गप्प राहिले, म्हणजे मीही तुझ्याएवढीच दोषी. तुळसाला सांग, आणि आईसमोर सांग. एकवीस तारखेला, रविवारी, मी येते. तोवर तू सांगितलं नसशील तर मी सांगेन.

गोपिका

भिवापूर, १७ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल सांगितलं. आई भिंतीकडे तोंड करून बसली, अजून जेवली नाही. तुळसानं आपल्या भावाला निरोप धाडलाय, न्यायला ये म्हणून. नंतर पोरगी रडली. तुळसा उठली आणि हात न धुता तिला उचलून घेतलं.

माझ्यावर लोभ नसला तरी पोरीवर असू दे.
रुपराव