तुरटीचा खडा

२१ ऑक्टोबर २०२४, सोमवार

आज सकाळपासून शाळेतला तिसरा बाक आठवतोय. सोलापूरचं कॉन्व्हेंट, आठवी. मी आणि भैरवी. मधल्या सुट्टीत तिची चपाती, माझी शेंगाचटणी आणि रुमाल एकच, तिचा. दोघींचे हात त्यालाच! बाकी त्या दिवशी काही घडलं नव्हतं. तरी आठवतं.

उगाच नाही आठवत. शंभुलिंगच्या अंगाला वास येतो.

आमच्या वाचनालयाचा शिपाई. बारा वर्षं झाली. कुठलंही पुस्तक मागा, डोळे मिटून काढून देईल. पण उन्हाळ्यापासून हे सुरू झालं, आणि आता पेपर वाचणारे खुर्च्या ओढून दाराशी बसतात. आज अध्यक्ष विष्णुपंत सरळच म्हणाले, "वनमालाबाई, त्याला सांगा. नाहीतर एक डिसेंबरपासून मी दुसरा माणूस बघतो."

घरी अंथरुणाला खिळलेली आई, दोन मुली. नोकरी गेली तर मुरुमसारख्या लहान गावात दुसरी कुठं मिळणार त्याला?

ग्रंथपाल मी, सांगायचं मीच. पण कसं?

२३ ऑक्टोबर

तोंडापर्यंत आलं. आणि म्हणाले काय — "शंभुलिंग, पंखा वाढव रे!"

२९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

युक्ती! वाचनालयातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना माझ्याकडून दिवाळीची भेट — उटणं आणि चंदनाच्या साबणाच्या तीन-तीन वड्या. एकट्याला दिल्यासारखं नको. शंभुलिंगनं तिथंच वडी हुंगली. "बाई, लई भारी वास हाय!"

झालं काम.

६ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळीनंतर आज उघडलं. कादंबऱ्यांच्या कपाटात चंदनाचा घमघमाट! प्रत्येक कप्प्यात साबणाची एकेक चकती, सुरीनं नीट कापलेली.

"कसर लागत न्हाय बाई. इतका चांगला साबन, म्हणलं पुस्तकाच्या कामी यावा."

खुर्ची धरून हसले. पुस्तकं सुगंधी, माणूस तसाच!

८ नोव्हेंबर

सिस्टर बेनेडिक्टा! इतके दिवस कशा सुचल्या नाहीत?

आठवीतच. प्रार्थना संपल्यावर मला एकटीला थांबवलं. मला वाटलं, नखं वाढली म्हणून ओरडा. त्यांनी माझ्या हातावर तुरटीचा खडा ठेवला, डबीसकट. म्हणाल्या, "वनमाला, मलाही घामाचा त्रास आहे. मी हीच लावते. तूही लाव."

बस, एवढंच. मान खाली घालायची वेळच आली नाही. एवढ्या मोठ्या सिस्टर आणि मी — दोघींचं गुपित! ती डबी अजून माझ्या कपाटात आहे.

उद्या तसंच करायचं.

९ नोव्हेंबर, शनिवार

वाचक गेल्यावर शंभुलिंगला हाक मारली. डबी उघडून पुढं केली. "लहानपणी माझ्या अंगाला घामाचा फार वास यायचा. मी ही तुरटी लावायची."

त्यानं खडा उचलून हुंगला. मग कानापर्यंत लाल. "बाई... माझा येतोय व्हय?"

"येतो रे."

"मग आदीच न्हाय का सांगायचं!" मग हळूच — "मी हितंच करत व्हतो अंघोळ. तुमी यायच्या आदी, मागल्या बोरच्या टाकीपाशी. गावात नळ धा दिवसाला येतोय. आय, पोरी, म्हस — माझ्यापातूर पाणी उरतच न्हाय. आता निस्ती आयतवारी करतो. तुमी बोर्ड लावला, तवापासनं बंद."

कुठला बोर्ड?

मागं घेऊन गेला. टाकीवर माझंच कॉन्व्हेंटचं वळणदार अक्षर — 'पाणी फक्त पिण्यासाठी. हुकुमावरून.' एप्रिलमध्ये लावला होता, इथं येऊन मोटारसायकली धुणाऱ्यांसाठी!

"अरे, तो तुझ्यासाठी नव्हता!"

"शंभुलिंग सोडून, असं कुठं लिवलंय त्याच्यावर?"

बोर्ड मी माझ्या हातानं उपटला. आणि मग दोघंही टाकीला टेकून हसत सुटलो. सहा महिने नाकाला पदर लावत होते, आणि करणी माझीच!

११ नोव्हेंबर, सोमवार

ओले केस, कपाळावर ताजी विभूती. विष्णुपंत आले, पेपर घेऊन थेट आतल्या टेबलाशी बसले. नाक वर करून इकडंतिकडं पाहिलं.

"माणूस बदलला काय?"

"नाही. बोर्ड काढला."

त्यांना काही कळलं नाही. शंभुलिंग कपाटाआड खुदखुदत होता.

१३ नोव्हेंबर

भैरवीला तुळजापूरला फोन केला. सगळं सांगितलं. सिस्टरांचं गुपितही, पन्नास वर्षांत पहिल्यांदा. ती म्हणाली, "वने, सिस्टरना घामाचा त्रास-बिस कधीच नव्हता गं. मीच जाऊन त्यांना तुझं सांगितलं होतं. पण म्हटलं, तिला माझ्या बाकावरून उठवू नका."

खडा फोडला. मोठा तुकडा शंभुलिंगला. छोटा मला. डबी भैरवीला — आत एक धुतलेला रुमाल घालून.