जॉयलिनने नको म्हटलं

१२ मार्च, लॉन्सेस्टन

नको म्हणाली. माझे पैसे नकोत म्हणाली!

फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. चहा गार झाला. ओतून टाकला, दुसरा केला. तोही गार.

तिचं म्हणणं असं — मलाइता बेटाच्या आरोग्य खात्याने तिच्या संस्थेतल्या सगळ्या बायकांना नोकरीत घेतलंय. होडीने गावोगाव जाऊन पोरांचे कान तपासणाऱ्या, पू पुसणाऱ्या, औषध घालणाऱ्या त्या बायका आता सरकारी पगारावर. म्हणून संस्था डिसेंबरात बंद. म्हणून पुढची दोन वर्षं मी कबूल केलेले पैसे नकोत.

"अभिनंदन, आई!" म्हणाली. हसत होती.

मला विचारलं नाही. सगळं ठरल्यावर सांगितलं!

१३ मार्च

माझा नवरा डेस गेला आणि मी त्याचा ट्रकांचा धंदा विकून त्या पैशांचा ट्रस्ट केला, तेव्हा दारात रांग लागली होती. कुत्र्यांवाले, क्रिकेट क्लबवाले, चर्चच्या छपरावाले. सगळ्यांना थोडंथोडं देऊन मोकळी झाले असते तर लोकांनी नावही काढलं असतं. पण मला तसं शिंपडायचं नव्हतं. एकच काम निवडायचं आणि ते तडीस न्यायचं, असं ठरवलं. निवडायलाच एक अख्खं वर्ष घातलं. अहवाल वाचले, हिशेब समजून घेतले, जाऊन पाहिलं. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे — गेल्या वर्षी तुमचं काय चुकलं?

कोणाचंच काही चुकलेलं नसायचं!

फक्त सॉलोमन बेटांवरची ही नर्स, जॉयलिन, फोनवर म्हणाली होती, "अर्ध्या बायका पळून गेल्या. मी त्यांना शाळेतल्या पोरींसारखी वागवत होते." त्याच दिवशी मी ठरवून टाकलं.

सहा वर्षं झाली. दर जुलैला तिकडे जाते. इथे तेव्हा ऐन हिवाळा, गवतावर बर्फाचा थर आणि तिथे मी चपला घालून धक्क्यावर उतरतेय, गळ्यात हार, बासऱ्यांची धून, पोरं गातायत. सगळं गाव मला आई म्हणतं. स्वतःच्या घरात मला कोण काय म्हणतं? ब्रेंडन महिन्यातून एकदा जेवायला येतो.

१५ मार्च

आला जेवायला. मुलगा म्हणून त्याला सांगितलं. जरा बरं वाटेल असं बोलेल म्हणून.

हसायला लागला! "अगं आई, दर वेळी जेवताना तूच तर ऐकवायचीस — चांगली संस्था तीच, जी स्वतःची गरज संपवते. माझ्या पानातले बटाटे गार व्हायचे तुझं भाषण ऐकताना. मग झालं ना तुझ्या मनासारखं?"

"मनासारखं? मला न विचारता?"

"मग तुला काय हवं होतं? पोरांचे कान वाहतच राहायला हवे होते?"

मी त्याच्यासमोरची ताटली उचलली. मटण अर्धं शिल्लक होतं. तो काटा हातात धरून बघत राहिला.

१६ मार्च

अभिनंदन म्हणे. कोणाचं?

२ एप्रिल

आता कळलं! दुसरं कोणीतरी देतंय. सिडनीचा एखादा मोठा ट्रस्ट असणार. सरकारी नोकरी वगैरे नुसता बहाणा. लहान देणाऱ्याला अलगद बाजूला करायची ही रीत मला ठाऊक नाही की काय!

फोन करून सरळ विचारलं. जॉयलिन म्हणाली, "कोणी नाही हो, आई." आवाज पडला होता. चोराचाही पडतो.

विमानाचं तिकीट काढलंय. तिच्या डोळ्यांत बघून विचारणार.

११ एप्रिल, ऑकी (मलाइता)

धक्क्यावर कोणी नाही. ना हार, ना बासऱ्या, ना पोरं. जॉयलिन एकटी, हातात मोडकी छत्री, पायात रबरी चपला. माझी पिशवी घेतली आणि पुढे चालायला लागली.

जुलै नाही, हे मला कळतं. तरी लागलंच. पैसे नकोत म्हटल्यावर फुलंही नकोत!

वाटेत बाजारात तिच्या दोन कानवाल्या बायका भेटल्या. मान हलवून पुढे गेल्या. घाईत होत्या म्हणे, होडी सुटत होती. मागच्या वेळी ह्याच दोघी माझ्या पायाशी बसून चटई विणत होत्या.

१२ एप्रिल

लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

सकाळी तिच्या पडवीत बसलो. ती सुपारी चघळत होती. माझ्यासमोर कधी चघळली नव्हती. मी म्हटलं, "कोण देतंय ते सांग, म्हणजे मी मोकळी."

"सांगितलं ना, कोणी नाही."

"मग मला का तोडलंस?"

तिने अंगणात पिंक टाकली. लालभडक. मग बोलायला लागली ती थांबेचना. जुलै आला की काम ठप्प. आधीपासून गाण्यांची तालीम. बायका फुलं गोळा करायला डोंगरात. दवाखान्याच्या भिंतींना रंग. पंधरवडाभर होड्या माझ्यासाठी राखून ठेवायच्या.

"आम्ही रागावलो नाही, आई. पाहुणीचं करावं लागतं. पण तिसऱ्या वर्षीची सहल आठवते? त्या वाळूच्या बेटावर?"

आठवते का! डेस गेल्यानंतर मी पहिल्यांदा पोट धरून हसले तो दिवस. मासा भाजला होता, नारळाच्या दुधात शिजवलेला टॅरोचा कंद होता. पाण्यात मी कपड्यांसकट पडले होते.

"त्या दिवशी ती होडी कुठे जायची होती माहीत आहे? पलीकडच्या टोकाला. एका पोरीचा कान आठवडाभर फुगलेला होता. आम्ही तीन दिवस उशिरा पोचलो. आता तिला त्या कानाने ऐकू येत नाही."

समोर कोंबडी पिलांना घेऊन फिरत होती, तिच्याकडे बघत बसले. मग माझा आवाज चढला.

"मला सांगितलं का नाहीस? मी बसले असते त्या दिवशी घरी! होडी मी मागितली होती का?"

"नाही मागितलीत."

"मग?"

"पहिल्या वर्षी तुम्ही विचारलंत — काय चुकलं. मी सांगितलं. नंतर दर वर्षी विचारलंत — सगळे मजेत ना? मग आम्ही मजेत आहोत असं सांगितलं."

"म्हणजे ती गाणी खोटी? ते आई आई खोटं?"

"तसं नाही हो—"

पुढचं मी ऐकलं नाही. उठले, पिशवी भरली. सहा वर्षं! ज्या पंधरा दिवसांच्या जिवावर मी उरलेलं वर्ष ढकलायचे, ते त्यांच्यासाठी ओझं होतं. माझ्याच पैशांवर मला फसवलं. हसून हसून फसवलं!

आणि ती पोर.

१४ एप्रिल

घरी. निरोप न घेता आले.

३० मे

ट्रस्टच्या सल्लागार बाई तीन नव्या संस्था घेऊन आल्या. "तुमच्यासारखा मन लावून देणारा माणूस मिळत नाही हो." पहिल्या संस्थेचा माणूस बरोबरच होता. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत फाइल. खुर्चीत टेकायच्या आत म्हणाला, "तुम्हाला मी आईच म्हणणार!"

दोघांनाही दार दाखवलं. बिस्किटंसुद्धा पुढे केली नाहीत.

९ ऑगस्ट

जुलै गेला. पहिल्यांदाच इथे काढला. लाकडं फोडली, गुडघा दुखावून घेतला.

शेवटी बर्नी गावच्या एका संस्थेला द्यायचं ठरवलं. बंदरावरच्या मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवतात. काय चुकलं विचारलं, तर तिथली बाई अर्धा तास सांगत होती. मी म्हटलं, "देते. पण मला बोलवायचं नाही. समारंभ नाही, फोटो नाही. दर वर्षी फोन करून फक्त काय बिघडलं ते सांगायचं."

ती गोंधळली. "वर्ग तरी बघून जा ना!"

"नाही."

बरोबर केलं. देणं असंच असावं. मग जेवण का गेलं नाही?

२१ ऑगस्ट

जॉयलिनचा फोन. उचलला नाही.

३ सप्टेंबर

पुन्हा. नाही उचलला.

१८ डिसेंबर

आज त्यांची संस्था बंद झाली असेल. फुलं आणली असतील का कोणी? मला काय त्याचं!

ब्रेंडन म्हणाला, "एक ओळ तरी लिही तिला." म्हटलं, तू जेव.

२७ जानेवारी

फोन आला. नंबर अनोळखी होता म्हणून उचलला.

"आई? ठेवू नकोस! भावाच्या फोनवरून बोलतेय. ह्याचंच लग्न ठरलंय, ईस्टरनंतर. घरात सगळे बसून वाटणी केली — कोणी काय आणायचं. तुझ्याकडे एक डुक्कर आलंय."

"काय आलंय?"

"डुक्कर! मुलीकडच्यांच्या पंगतीला. थोरल्या काकीकडे एक, माझ्याकडे एक, तुझ्याकडे एक. घरच्या बाया आणतात. आणि तुझ्या ट्रस्टमधून नाही हं, तुझं तू आण. लहान आणू नकोस. मागच्या लग्नात काकीने पिल्लू आणलं होतं, अजून तिला बोलतात. दोन दिवस आधी ये, रताळी सोलायला माणसं कमी आहेत."

पलीकडे तिचा भाऊ ओरडत होता, फोनमधले पैसे संपतायत, पैसे संपतायत!

"आई, आहेस ना?"

मी विचारलं, "लहान नको म्हणजे केवढं?"